एकटीनं पाळायचं पथ्य

अहो,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात थांबला. उभ्या संसारात मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं होतं? 'अहो' म्हटलं की तुम्ही पेपरातून मान वर न करता 'हं' म्हणायचात. आपलं तेवढ्यात भागायचं. म्हणून तसंच लिहिलं.

तुमचं वर्षश्राद्ध होऊन आता बरेच दिवस झाले. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, लिहायला सुचलं नाही. आज मात्र मला काहीतरी सांगायचंय आणि सांगायला माणूस सापडेना. आपल्या प्रसादला सांगितलं तर तो पुण्याहून गाडी काढून येईल आणि आल्याआल्या मला बॅग भरायला लावेल. तुमच्या अक्कांना सांगितलं तर त्या वैजापूरहून फोनवरच रडायला लागतील, मग समजूत मलाच काढावी लागेल. शेजारी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळेल. तुमचं तसं नव्हतं. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात, 'बरं' म्हणायचात आणि भाजी कोणती आणू ते विचारायचात. तसं ऐकणारं कुणीतरी हवंय आज.

पण सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय? थोडं मागून येते.

तुम्हाला आठवतं का, पहिल्यांदा पाय सुजले तेव्हा तुम्ही चपलेलाच दोष दिला होता! 'या वेळची चप्पल लहान निघाली,' म्हणालात. चिकलठाण्याच्या कारखान्यात फोरमन म्हणून जन्म गेला तुमचा, मशीनचा आवाज जरा बदलला तर लांबून कळायचा, आणि स्वतःचे पाय सुजलेले कळले नाहीत. मग दम लागायला लागला. आपल्या दाराच्या तीन पायऱ्या चढून आलात की ओट्यावर बसून राहायचात. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा पंप अशक्त झालाय. औषधं मी देतो, पण निम्मं काम तुमच्या घरात आहे. मीठ कमी, पाणी मोजून, रोज सकाळी वजन करायचं आणि झेपेल तेवढं चालायचं.

पाणी मोजून म्हटल्यावर तुम्ही काय बोललात! 'डॉक्टरसाहेब, औरंगाबादच्या माणसाला हे सांगावं लागतं का? आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं.' डॉक्टर हसले, नर्सबाई हसल्या. मी नाही हसले. माझ्या डोक्यात मीठ घोळत होतं. पंगतीत घास तोंडात जायच्या आधी ज्याचा हात मिठाकडे जातो, त्या माणसाचं आता कसं करायचं?

नाहीच जमलं आधी. प्रसादनं पथ्याचा एक तक्ता छापून पाठवला, तो आपण फ्रिजवर लावला, आणि तुम्ही त्याच फ्रिजमधून लोणचं काढून खात होतात. मी ओरडायचे. प्रसाद फोनवर अर्धा अर्धा तास समजावून सांगायचा. तुम्ही 'हो हो' म्हणायचात. मग एक दिवस स्कूटरच्या डिकीत शेवेची पुडी सापडली. किती भांडलो आपण त्या दिवशी! 'तू बायको हैस का जेलर?' असं तुम्ही विचारलंत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग तुमच्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला होता, कारण तुमच्या जागी मी असते तर मीही पुडी लपवलीच असती.

दुसऱ्या दिवशी मी ओरडणं सोडलं. उपाय असा काही सुचला नव्हता, दमले होते एवढंच. दोन भाज्या करायचा कंटाळा आला म्हणून एकच केली, मिठाची नुसती चिमूट घालून. तुम्हाला वाढली आणि मलाही वाढून घेतली. तुम्ही माझ्या ताटाकडे बघितलंत.

'तू कशाला खाती असलं?'

'तुम्ही खाता म्हणून.'

तुम्ही भाकरी मोडलीत आणि खाली मान घालून जेवलात. चार दिवसांनी तुम्हीच म्हणालात, 'जरा लिंबू पिळ. बघू कसं लागतंय.' तिथून आपला तो खेळ सुरू झाला. भाजलेला लसूण, भाजून कुटलेले जिरे, कच्चा कांदा, कोथिंबीर. मिठाशिवाय चव कशी आणायची याचा तुम्ही कारखान्यात एखादी मशीन बसवावी तसा पिच्छा पुरवलात. बिनमिठाचा ठेचा खाऊन मात्र म्हणालात, 'सुमन, ह्याला ठेचा म्हणू नकोस. नुसती मिरचीची मारामारी हाय ही.' किती हसलो होतो!

चालायचं तसंच. तुम्हाला लाज वाटायची. कारखान्यातलं कुणी भेटेल आणि फोरमनसाहेब म्हाताऱ्यासारखे पाय ओढत चाललेत असं बघेल, म्हणून तुम्ही दारातूनच परत फिरायचात. ते लाजणं सुटलं साळवे भाऊजींमुळे. बँकेतून निवृत्त झालेले, बायपास झालेले, सिल्लोडचे. कॅनॉटच्या बागेत एका बाकावर दोघांना एकदमच दम लागला आणि ओळख झाली. ते जयभीम म्हणायचे, तुम्ही रामराम म्हणायचात, आणि लगेच जुंपायची. वैजापूरचा कांदा खरा का सिल्लोडची मिरची खरी? कापूस कुणाचा चांगला? मी मागून चालायचे आणि ऐकायचे. दोघांनाही कळत नव्हतं की भांडता भांडता बागेला फेरी मारून झालेली आहे. आणि भांडण तुम्ही कधी संपवायचा नाहीत. अर्ध्यावर ठेवून घरी यायचात. मग सकाळी जावंच लागायचं.

अशी वर्षं गेली आपली. बरी गेली. तुम्ही पुन्हा पायऱ्या चढायला लागलात, बाजारात जायला लागलात. प्रसादचं लग्न उभ्यानं केलंत. वैजापूरला जाऊन शेताच्या बांधावरून चालून आलात आणि तिथूनच मला फोन करून सांगितलंत, 'दम न्हाई लागला, बरं का!' लहान मुलानं पहिला नंबर सांगावा तसं.

एक तक्रार करू का? रागावू नका.

शुगर मलाही होती हो. तुमच्या आजारपणानंतर लगेच निघाली. माझा गोळ्यांचा डबा तुमच्या डब्याच्या मागे असायचा, कपाटातसुद्धा मागेच. एका घरात एकच पेशंट असतो, दुसऱ्यानं बरं राहायचं असतं. 'तुझी शुगर किती आली गं?' असं तुम्ही कधी विचारलंत? मी वाट बघायचे. दवाखान्यात तुमची फाइल माझ्या हातात असायची, मी सगळं सांगायचे, लघवी किती, वजन किती, झोप कशी. मग डॉक्टर कौतुकानं म्हणायचे, 'ताई, तुमच्यासारखं कुणी नाही सांभाळत.' तुम्ही हसायचात आणि आपण घरी यायचो.

पण तक्रार पुरी करायला गेले की ती हातातून निसटते. कारण माझंही सगळं नीट चाललेलंच होतं. तुम्हाला वेळेवर जेवायला लागायचं म्हणून मी वेळेवर जेवायचे. तुम्हाला चालवायला म्हणून मी चालायचे. तुमची गोळी काढताना माझीही निघायची. तुमच्या पथ्याच्या आडोशाला माझंही पथ्य सुखानं चाललं होतं. ते तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही.

मग छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि या वेळी तुम्ही परत आला नाहीत.

त्याबद्दल लिहीत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे.

पण नंतरचं तुम्हाला ठाऊक नाही. भेटायला माणसं येत होती. बैठकीत सतरंजी टाकलेली. तुमच्या चुलत्यांकडचे कुणी एक पाहुणे, नाव नाही लिहीत, चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, 'जाधवसाहेबांनी येवढं पथ्य पाळलं. मीठ सोडलं, तेल सोडलं. काय उपेग झाला? जायचं ते गेलंच.' वाईट मनानं नव्हते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि अहो, मीही डोलावली!

ते वाक्य माझ्या घरात राहिलं. पाहुणे गेले, प्रसाद आणि सूनबाई नेहा गेले, सतरंजी गुंडाळून ठेवली, पण ते वाक्य राहिलं. सकाळी डबा उघडला की वाटायचं, काय उपयोग? चप्पल पायात घालायला गेले की वाटायचं, काय उपयोग?

एका माणसाचा स्वयंपाक होत नाही हो. तुम्हाला कधी करावा लागला नाही म्हणून ठाऊक नाही. एका माणसाची डाळ पातेल्याच्या तळालाच चिकटते. एक वांगं घेतलं की भाजीवाली दोनदा बघते. कुकर लावायचा तर त्या शिट्टीची लाज वाटायची, एवढा आवाज कुणासाठी? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी वाटलं तर खिचडी, नाही वाटलं तर परत चहा-टोस्ट. खिचडीत मी मीठ घालायला लागले. चांगलं हात सैल सोडून. एवढ्या वर्षांनी मोकळ्या हातानं मीठ खाल्लं आणि चव लागली नाही. असं कसं होतं?

प्रसादनं मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. मी किती चालते ते त्याला पुण्यात त्याच्या फोनवर दिसतं. नेहानं नाचणीची, राळ्याची पाकिटं पाठवली. गुणी पोरं आहेत आपली. रोज फोन करतात. 'आई, जेवलीस?' 'हो.' 'चाललीस?' 'हो.' मी काय करायचे सांगू? टी.व्ही.समोर बसून हात हलवायचे. मालिका संपेपर्यंत घड्याळाला वाटायचं मी कॅनॉटला जाऊन आले. प्रसाद खुश! 'आई, तू तर नेहापेक्षा जास्त चालतेस!' मी फोन ठेवायचे आणि टी.व्ही. बंद करायचे. मग जी शांतता पडायची ना घरात, तिच्यात आपल्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा आगाऊ वाटायचा.

एकदा दुपारी नळाला पाणी आलं. नेहमी तुम्ही गच्चीवर जायचात टाकी बघायला. मी चढले. अर्ध्या जिन्यात डोळ्यांसमोर अंधारी आली. कठडा हाताला लागला म्हणून बरं, खाली बसले. वर टाकी भरून पाणी वाहायला लागलं, जिन्यावरून ओघळत माझ्या लुगड्यापर्यंत आलं, आणि मी बघत बसले. हाक मारावी असंही वाटलं नाही. कुणाला मारणार? हाकेला नाव लागतं.

हे मी कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी करुणा आली, साळवे भाऊजींची सून. शाळेत शिकवते बघा, तीच. चहासुद्धा न घेता म्हणाली, 'काकू, तुम्ही जरा बाबांशी बोलता का? काका गेल्यापासनं ते बागेत गेलेच नाहीत. गोळी दिली की उशीखाली ठेवतात. मी बोलले की रागवतात, हे बोलले की भांडणं होतात. तुमचं ऐकतील. तुम्ही काकांना किती छान सांभाळलं होतं.'

मी काय बोलणार? माझ्या स्वतःच्या गोळ्यांच्या पट्टीवर धूळ बसलेली. पण पोरीचे डोळे भरलेले होते. म्हटलं, येते.

भाऊजी खिडकीशी बसले होते. किती वाळलेत! फक्त पाय तेवढे भरलेले, सुजलेले. ती सूज मी ओळखते. बुद्धाच्या तसबिरीसमोर उदबत्ती लावलेली होती. 'जयभीम, वहिनी,' म्हणाले, आणि सवयीनं दाराकडे बघितलं, माझ्या मागून तुम्ही याल असं. मग नजर खाली घातली.

मी काहीतरी सुरू केलं. चाललं पाहिजे, गोळ्या घेतल्या पाहिजेत. प्रसादच्या तक्त्यासारखंच बोलत होते मी. त्यांनी हात वर केला.

'वहिनी, खरं सांगा. जाधवसाहेब चालले ना रोज? मीठ सोडलं ना? माझ्यापेक्षा जास्त पाळलं त्यांनी. गेलेच की! मग काय करायचं हो चालून?'

अहो, तेच वाक्य! माझ्या बैठकीतलं, वर्षभर माझ्या घरात राहिलेलं, दुसऱ्याच्या तोंडून बाहेर आलं. आणि बाहेरून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला त्याचा राग आला. असा राग आला की आवाजच चढला माझा.

'भाऊजी, ह्यांना पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तीन पायऱ्या चढवत नव्हत्या. तुमची ओळख त्याच्या नंतरची ना?'

'हो.'

'मग तुम्हाला भेटलेला माणूस कुठनं आला? तुमच्याशी रोज भांडायचा तो? पोराच्या लग्नात उभा राहिलेला? ती सगळी वर्षं कुठनं आली, भाऊजी? मरण कुणाचं टळलंय? पण मधली वर्षं तर आम्ही दोघांनी पळवून आणली होती! बिनमिठाची भाजी खाऊन आणली होती!'

करुणा दारात उभी होती. मलाच धाप लागली. एवढं मोठ्यानं मी तुमच्याशीसुद्धा बोलले नव्हते, ती शेवेची पुडी सापडली तेव्हाचं सोडून.

भाऊजींनी विचारलं, 'वहिनी, तुम्ही चालता का?'

प्रसादशी खोटं बोलता येतं, तो फोनवर असतो. हा माणूस समोर होता, आणि तुमचा मित्र होता.

'नाही.'

'गोळ्या?'

'कधी कधी.'

'मग मला कशाला शिकवता?'

ते हसत नव्हते, आणि टोमणाही नव्हता. खरंच विचारत होते. मी म्हटलं, 'शिकवायला नाही आले, भाऊजी. मला एकटीला बागेत जाववत नाही. त्या बाकाकडे पाय उचलत नाही. तुम्ही आलात तर जाईन.'

घरून निघाले तेव्हा हे म्हणायचं ठरवलेलं नव्हतं. ठाऊकच नव्हतं मला की मला हे म्हणायचंय.

आधी त्यांना करुणानं डॉक्टरांकडे नेलं, औषध बदलून आणलं. पाय उतरले तेव्हा निरोप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेच्या फाटकाशी गेले तर भाऊजी मफलर गुंडाळून उभे, शेजारी करुणा. ती शाळेची वेळ होईपर्यंत थांबली आणि गेली. आम्ही चालायला लागलो. पहिल्या फेरीच्या अर्ध्यात माझं लक्ष गेलं. ते रस्त्याच्या त्या कडेनं चालत होते, मी या कडेनं, आणि मध्ये आम्ही तुमच्याएवढी जागा सोडली होती.

घरी येऊन खूप रडले. मग भूक लागली. खरी भूक हो, पोटात ओढ बसते तशी. भाकरी थापली. एकच थापली, गरम गरम खाल्ली, आणि परत पीठ मळून दुसरी थापली.

असं वाटू देऊ नका की सगळं छान झालं. सकाळचा तो तास-दीड तास सोडला तर घर तसंच आहे. दुपार लांबच्या लांब पडलेली असते. संध्याकाळी दिवा लावला की कुणाला तरी सांगावंसं वाटतं की दिवा लावला. बागेतही आम्ही दोघं तुमची जागा भरू शकत नाही. भाऊजींनी एकदा प्रयत्न केला. 'वैजापूरच्या कांद्यात काय दम नाय बुवा,' असं हवेत सोडून दिलं. मी गप्प राहणार होते, पण सासरची लाज! म्हटलं, 'सिल्लोडच्या मिरचीला आमच्या कांद्याशिवाय विचारतं कोण?' ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'जाधवसाहेब ह्याच्यापुढं एक वाक्य बोलायचे.' मला ते वाक्य आठवेना. त्यांनाही आठवेना. काय होतं हो ते?

मग अक्कांचा फोन. 'सुमे, तू बागेत कुणासंग फिरती म्हनं? इथवर बातमी आलीय. लोकं बोलायलेत.' तुमच्या बहिणीला मी जन्मात उलटं बोलले नाही. पण त्या दिवशी म्हटलं, 'अक्का, मी वर्षभर चहा-टोस्टवर होते, जिन्यात चक्कर येऊन बसले होते, तेव्हा ही लोकं कुठं होती? जेवलीस का म्हणून एकानं विचारलं नाही. आता पाय हलायला लागले तर बोलायलेत?' मला वाटलं, आता फोन आपटतील. मग हळूच म्हणाल्या, 'चक्कर? मला का नाय सांगितलंस गं?' आणि लागल्या की रडायला! त्या रडल्या, मी रडले. दोन दिवसांनी वैजापूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती बाजरीचं पीठ आणि भाजलेले शेंगदाणे आले. लोकांचं काय झालं ते अक्कांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आणि प्रसाद! त्याची गंमत ऐका. मी खरोखर चालायला लागले आणि त्याचा काळजीनं फोन आला. 'आई, तुला बरं नाही का? तुझं चालणं एकदम कमी झालंय.' टी.व्ही.समोर मी एवढा हात हलवत होते की खरं चालणं त्याच्यापुढे फिकं पडलं! मग सांगावंच लागलं. तो आधी खूप हसला. आणि मग त्याचा आवाज बदलला. 'आई, म्हणजे वर्षभर तू नुसती घरात बसून होतीस?' मी 'हो' म्हटलं. तो म्हणाला, 'मी रोज विचारत होतो गं.' मी म्हटलं, 'तू विचारत होतास, बाळा. पण तुझ्या विचारण्यात उत्तर आधीच असायचं.' आता तो जेवलीस का असं विचारत नाही. काय केलंस आज जेवायला, असं विचारतो आणि थांबतो. तेवढा फरक पडतो. माणूस थांबला की खरं सांगावं लागतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला. एक मुलगी म्हणाली, 'जाधवसाहेबांची तपासणी बरेच दिवस राहिलीय, कधीची वेळ देऊ?' मी म्हटलं, ते नाहीत हो आता. ती बिचारी ओशाळली. सॉरी काकू, सॉरी म्हणत फोन ठेवायला लागली. मी म्हटलं, 'थांबा. तुमच्याकडे शुगरचे डॉक्टर बसतात का?'

'बसतात, मॅडम आहेत.'

'मग माझं नाव लिहा.'

आज गेले. सकाळी उपाशी रक्त दिलं, परत दुपारी गेले. बाकावर सगळे जोडीनं बसलेले. कुणाची मुलगी बरोबर, कुणाचा नवरा. माझं नाव पुकारलं. आत दोन खुर्च्या होत्या. मी सवयीनं बाजूच्या खुर्चीत बसले, जिथं पेशंटबरोबर आलेलं माणूस बसतं तिथं. डॉक्टर मॅडम तरुण आहेत, चष्म्यावरून बघतात. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, 'पेशंट बाहेर आहेत का?'

'मीच आहे पेशंट,' म्हटलं, आणि उठून त्या खुर्चीत बसले.

शुगर खूप वाढलीय. तीन महिन्यांची सरासरी काढतात ना, तीही. आकडा नाही सांगत, तुम्ही उगाच घाबराल. मग त्यांनी माझी पावलं बघितली. बारीक दोऱ्यासारखं काहीतरी तळव्याला टेकवायचं आणि विचारायचं, कळतंय का? कळतंय, कळतंय, म्हणत होते मी. मग त्या थांबल्या. मी म्हटलं, लावा ना पुढं. त्या म्हणाल्या, 'लावून झालं, आजी. डाव्या अंगठ्याला दोनदा लावलं.'

मला कळलंच नव्हतं.

हेच सांगायचं होतं. माझ्या डाव्या अंगठ्याला स्पर्श कळत नाही, आणि हे आज संध्याकाळी कुलूप उघडून घरात आले तेव्हा कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

मॅडम चांगल्या आहेत. घाबरवलं नाही. म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, पण आता पायाला जपायचं. अनवाणी फिरायचं नाही, रोज तळवे बघायचे, कुठं खरचटलं तर दुर्लक्ष नाही. गोळ्या नव्यानं लिहून दिल्या. डोळेही तपासून घ्यायला सांगितलेत. मग पेन ठेवून विचारलं, 'पण हे सगळं बघायला घरी कोण असतं तुमच्या?'

वर्षभर हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला. बँकेत, गॅसवाल्यानं, पाहुण्यांनी. घरी कोण असतं? माझं उत्तर ठरलेलं. कुणी नाही. तेच ओठावर आलं होतं.

पण मी म्हटलं, 'मी असते.'

त्यांनी मान वर करून बघितलं. मी परत म्हटलं, 'घरी मी असते. मी बघेन.'

येताना रिक्षात तेच डोक्यात होतं. तुम्ही गेल्यापासून मी स्वतःला माणसांत धरतच नव्हते. जेवायला कुणी नाही म्हणायचे, आणि भूक तर मला लागत होती. एवढी वर्षं एक आजारी माणूस सांभाळायची सवय असलेली बाई, आणि घरातला दुसरा पेशंट तिला दिसलाच नाही.

आत्ता जेवून लिहायला बसलेय. मुगाची डाळ, भाकरी, काकडी. तळवे आरसा धरून बघितले, वाकवत नाही ना आता. नव्या गोळ्यांचा डबा कपाटात पुढं ठेवलाय. तुमची ती जागा मोकळीच होती, मी तिथं काही ठेवत नव्हते. आज ठेवलं. चालेल ना?

एक शब्द देते तुम्हाला. श्राद्धाला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं होतं, आता तुझं तरी काय राहिलंय इथं, देव तुलाही लवकर नेवो. मायेनं म्हटलं होतं, आणि तेव्हा मलाही ते बरं वाटलं होतं. आता नाही वाटत. आठवण येते, दिवसातून किती वेळा ते विचारू नका. तुमच्याकडे यायचंच आहे. पण जेवून, चालून, पाय सांभाळून येईन, तुम्ही गेलात म्हणून मागोमाग येणार नाही.

मला यायला उशीर होईल. तो मी मुद्दाम करणार आहे.

तुमची,
सुमन